मुंबईच्या प्लेगने शिकवलेले गणित

वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून जाताना रस्त्याच्या कडेला, घराच्या कोपऱ्यावर किंवा एखाद्या झाडाच्या सावलीत उभे असलेले दगडी क्रूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्यांतील कित्येकांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सनांची नोंद आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले होते त्या काळात आपल्या पूर्वजांनी ते उभारले. संध्याकाळी शेजारीपाजारी त्या क्रुसांभोवती जमत, मेणबत्त्या लावत आणि हे संकट आपल्या उंबऱ्यावरून टळो अशी प्रार्थना करीत. त्या दिवसांत आजार कोठून येतो, कसा पसरतो आणि अचानक का ओसरतो, हे कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते.

त्याच प्लेगची मुंबईतील आकडेवारी पुढे स्कॉटलंडमधील दोन शास्त्रज्ञांच्या हाती पडली आणि साथीच्या रोगांच्या आधुनिक गणिताचा पाया घातला गेला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला माहीत नसते. कोविडच्या काळात 'वक्ररेषा', 'लाट', 'शिखर', 'सामूहिक प्रतिकारशक्ती' हे शब्द आपण रोज ऐकत होतो. त्या सर्व शब्दांचे मूळ या गणितात आहे. प्रस्तुत लेखात ते गणित सोप्या भाषेत समजून घेण्याचा प्रयत्न करूया. त्यासाठी बेरीज, गुणाकार आणि थोडा संयम पुरेसा आहे.

मांडवीपासून एडिनबर्गपर्यंत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात तापाने आणि काखेत व जांघेत आलेल्या गाठींनी माणसे दगावू लागली. हा ताप साधा नसून गाठीचा प्लेग आहे, हे निदान प्रथम केले ते गोव्यात जन्मलेल्या डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. त्यांचा पुतळा आजही धोबीतलाव परिसरात मेट्रो सिनेमासमोर उभा आहे. निदान झाले, पण साथ थांबली नाही. लक्षावधी लोकांनी भयाने मुंबई सोडली आणि त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगावी पोहोचला. पुढील काही दशकांत या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला.

मुंबईत प्लेगच्या मृत्यूंची नोंद दर आठवड्याला ठेवली जात असे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील नोंदी कागदावर बिंदूंनी मांडल्या तर एक घंटेसारखी आकृती दिसते. आरंभी मोजके मृत्यू, मग झपाट्याने चढण, एप्रिलच्या सुमारास शिखर आणि नंतर तितकीच उतरण. त्या आकृतीतील प्रत्येक बिंदूमागे एका आठवड्यात उठलेल्या तिरड्या, जनाजे आणि शवपेट्या आहेत, याचा विसर पडू देता कामा नये.

या नोंदींकडे पुढे ज्यांचे लक्ष गेले, त्यांपैकी पहिले अँडरसन मॅककेंड्रिक. ते भारतीय वैद्यकीय सेवेतील डॉक्टर होते आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालकपद त्यांनी भूषवले होते. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात असल्याचे १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे दाखवून देणारे आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस हे त्यांचे स्फूर्तिस्थान. "एकूण एक डास मारणे अशक्य आहे, मग हिवताप कसा हटणार?" असा प्रश्न लोक रॉस यांना विचारीत. रॉस यांनी गणित मांडून दाखवले की सर्व डास मारण्याची गरजच नाही. डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली आणली की हिवताप आपोआप मावळत जातो. रोग हटवण्यासाठी परिपूर्णतेची नव्हे, तर एक उंबरठा ओलांडण्याची गरज असते, हा विचार तेव्हा पूर्णतः नवा होता.

दुसरे शास्त्रज्ञ विल्यम कर्मॅक. ते रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते. तरीही त्यांनी काम सोडले नाही. ज्यांना कागद दिसत नव्हता, त्यांनी मनातल्या मनात समीकरणे सोडवली. एडिनबर्गमध्ये या दोघांनी मिळून लिहिलेला निबंध १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात उदाहरणादाखल एकच साथ घेतलेली आहे आणि ती मुंबईच्या प्लेगची आहे.

एक हजार माणसांचे गाव

कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांनी विचारलेला प्रश्न सरळ होता. साथ संपते तेव्हा नेमके काय घडलेले असते? त्या काळी दोन उत्तरे प्रचलित होती. एक, लागण होण्याजोगी सर्व माणसे संपतात. दुसरे, जंतूच कालांतराने दुबळा होतो. या दोघांनी दाखवले की यांपैकी काहीही घडले नाही तरी साथ संपू शकते.

त्यांनी गावातील माणसांचे तीन गट कल्पिले. पहिला गट, ज्यांना लागण होऊ शकते. दुसरा गट, ज्यांना लागण झालेली आहे आणि जे ती इतरांना देऊ शकतात. तिसरा गट, जे साथीतून बाहेर पडले आहेत, म्हणजे बरे होऊन सुरक्षित झाले आहेत किंवा दगावले आहेत. माणूस पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याचा वेग हा पहिल्या आणि दुसऱ्या गटांतील माणसे एकमेकांना किती भेटतात यावर अवलंबून असतो. अशा मांडणीला शास्त्रज्ञ 'मॉडेल' म्हणतात. मराठीत आपण तिला गणिती प्रारूप म्हणू.

आता एक हजार माणसांचे एक काल्पनिक गाव डोळ्यांपुढे आणूया. तेथे एक नवा आजार आला आहे. आजारी माणूस दिवसाला १० जणांना भेटतो. प्रत्येक भेटीत लागण होण्याची शक्यता २० पैकी १ आहे आणि तो ४ दिवस इतरांना आजार देऊ शकतो. ४ दिवसांत त्याच्या ४० भेटी होतात, म्हणजे तो सरासरी २ जणांना आजारी पाडतो. एका रुग्णामागे होणाऱ्या नव्या रुग्णांच्या या संख्येला आपण 'प्रसारांक' म्हणू. येथे तो २ आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ अशी वाढ होत जाते. कोणीच सुरक्षित नसलेल्या मोठ्या शहरात हीच वाढ अखंड चालू राहिली तर दहाव्या फेरीत १,०२४ नवे रुग्ण होतील.

पण गावात तसे होत नाही. अर्धे गाव आजारातून गेले की रुग्णाला भेटणाऱ्या दर दोन माणसांपैकी एक आधीच सुरक्षित असतो. तेव्हा एक रुग्ण सरासरी एकालाच आजारी पाडतो. हे साथीचे शिखर. त्यानंतर नवे रुग्ण कमी होत जातात. मात्र शिखराच्या वेळी गावात बरेच रुग्ण असतात, त्यांच्यामुळे उतरणीवरही लागण चालूच राहते. हिशेब केला तर साथ पूर्ण थांबेपर्यंत सुमारे ८०० जण आजारी पडलेले असतात आणि सुमारे २०० जण अस्पर्शित राहतात. जंतू दुबळा झालेला नसतो आणि माणसेही संपलेली नसतात, तरीही साथ संपते.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. याच गावातील ५०० जणांना आधीच प्रभावी लस मिळाली असती तर आजाराला पाय रोवताच आला नसता. निसर्गाच्या हवाली केले तर ८०० जणांना आजारातून जावे लागते. लस दिली तर ५०० जणांचे दंड थोडे दुखतात आणि उरलेले ५०० जण त्यांच्या आडोशाने वाचतात. "होऊन जाऊ दे एकदाचे, म्हणजे सगळेच सुरक्षित होतील" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा.

प्रसारांक हे विधिलिखित नव्हे

वरील उदाहरणात प्रसारांक तीन गोष्टींच्या गुणाकारातून आला आहे. भेटी किती, प्रत्येक भेटीतील धोका किती आणि दिवस किती. यांपैकी एकही गोष्ट दगडावर कोरलेली नाही. खोकताना रुमाल धरल्याने, मुखपट्टी बांधल्याने किंवा खिडक्या उघडल्याने भेटीतील धोका निम्मा झाला, तर प्रसारांक २ वरून १ वर येतो. रुग्ण चार दिवसांऐवजी दोनच दिवस लोकांत मिसळला आणि नंतर घरी थांबला, तरीही तो १ होतो. दोन्ही गोष्टी पाळल्या तर तो अर्धा होतो आणि साथ जागच्या जागी विझते.

प्रसारांक १ च्या वर आहे की खाली, यावर सारे काही ठरते. एखाद्या शहरात १,००० रुग्ण आहेत असे समजा. प्रसारांक १.१ असेल तर दहा फेऱ्यांनंतर एका फेरीत सुमारे २,६०० नवे रुग्ण होतील. तोच ०.९ असेल तर सुमारे ३५० होतील. दोहोंतील फरक दैनंदिन जीवनात डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. दहापैकी दोन भेटी टाळल्या किंवा नाही टाळल्या, एवढाच तो फरक. 'माझ्या एकट्याच्या वागण्याने काय होणार?' या प्रश्नाचे उत्तर गणित असे देते की, साथीचे भवितव्य अशाच एकेकट्या वागण्याच्या सरासरीने ठरते.

सुंदर वक्ररेषेची चूक

कर्मॅक आणि मॅककेंड्रिक यांच्या सूत्रातून निघालेली वक्ररेषा मुंबईच्या बिंदूंवर जवळपास तंतोतंत बसली. सूत्राने सांगितलेले शिखर सतराव्या आठवड्यात येते आणि त्या आठवड्यातील मृत्यूंचा आकडा ८९० असा निघतो. आजही पाठ्यपुस्तकांत ती आकृती छापली जाते.

पण येथे सावध राहिले पाहिजे. मुंबईचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जात नव्हता. उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत तो माणसांत येत होता. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ पासून झालेल्या प्रयोगांनी हे निर्विवादपणे दाखवून दिले होते. शिवाय तो दरवर्षी ठरावीक ऋतूत येत असे आणि उन्हाळा तापला की ओसरत असे, कारण पिसवांचे जगणे उष्णतेवर व आर्द्रतेवर अवलंबून असते. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, १९०६ ची उतरण समजून घेण्यासाठी हा ऋतुबदल ध्यानात घ्यावाच लागतो. तीन गटांचे साधे प्रारूप त्या बिंदूंशी जुळले, पण ते जुळण्यामागचे कारण वेगळे होते. साथ विझली नव्हती, ती केवळ ऋतू संपल्यामुळे थांबली होती आणि पुढील वर्षी ती परत आली.

मूळ लेखकांना याची जाणीव होती. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे आणि आपले सूत्र ढोबळ आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. पुढच्या पिढ्यांनी वक्ररेषा लक्षात ठेवली आणि ही सावधगिरीची सूचना विसरल्या. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हा धडा मुंबईच्या प्लेगने गणितालाच शिकवला.

जंतूही बदलत असतो

आतापर्यंत आपण जंतू एकसारखाच राहतो असे गृहीत धरले. वास्तवात तो बदलतो. ही प्रक्रिया समजण्यासाठी छपाईच्या आधीच्या काळातील हस्तलिखितांचे उदाहरण घेऊया. मठांतील लेखनिक पवित्र शास्त्राच्या प्रती हाताने उतरवून काढीत. कितीही काळजी घेतली तरी एखादे अक्षर चुके. पुढचा लेखनिक त्या चुकीसह प्रत उतरवी आणि स्वतःची एखादी नवी चूक तीत भरे. आज अभ्यासक या चुकांची तुलना करून कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली हे सांगू शकतात. जंतूचेही तसेच आहे. स्वतःच्या प्रती काढताना त्याच्या जनुकीय मजकुरात चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी असतात. क्वचित एखादी चूक जंतूच्या फायद्याची ठरते आणि ती प्रत इतरांना मागे टाकून पसरते.

कोविडच्या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. त्याच्या प्रसाराच्या एका शाखेत महिन्याला साधारण दोन अक्षरे बदलतात असे आढळले. समजा, दोन रुग्णांच्या नमुन्यांत आठ अक्षरांचा फरक आहे. दोन्ही शाखा मिळून महिन्याला चार अक्षरांनी दूर जातात, म्हणजे त्यांचा समान पूर्वज सुमारे दोन महिन्यांपूर्वीचा असला पाहिजे. असे हजारो नमुने तपासून विषाणूची वंशावळ मांडता येते आणि एखादी शाखा अकस्मात फोफावू लागली तर ती वेळीच ओळखता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीसह विदर्भात रुग्ण झपाट्याने वाढू लागले, तेव्हा महाराष्ट्रातील नमुन्यांत अशीच एक शाखा ठळकपणे दिसून आली. तिच्याच एका उपशाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी 'डेल्टा' हे नाव दिले. तोपर्यंत आपल्या घराघरांतून तिने माणसे नेली होती.

'जंतू कालांतराने सौम्य होतोच' अशी एक समजूत आहे. गणित तिला दुजोरा देत नाही. ऑस्ट्रेलियात सशांचा उपद्रव आवरण्यासाठी १९५० मध्ये मिक्सोमा नावाचा विषाणू सोडण्यात आला. आरंभी शंभरांपैकी नव्व्याण्णवांहून अधिक ससे दगावत. काही वर्षांतच जंगलात त्याहून कमी घातक वाण बळावले. कारण उघड होते. हा आजार डास पसरवीत. ससा झटपट मेला तर डासाला त्याच्याकडून विषाणू उचलण्यास वेळच मिळत नसे. उलट अतिसौम्य वाणही मागे पडले, कारण ससा लवकर बरा होई. टिकले ते मधले वाण, आणि तेही सत्तर ते पंच्याण्णव टक्के सशांना मारणारे. १९८२ मध्ये रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी हा समतोल समीकरणांत मांडला. पुढे सशांची प्रतिकारशक्ती वाढली, तसे १९९० च्या दशकात काही वाण पुन्हा अधिक घातक झालेले आढळले. जंतूला दया नसते आणि वैरही नसते. ज्या वाटेने अधिक पसरता येईल त्या वाटेने तो जातो. ती वाट कधी सौम्यतेकडे नेते, कधी उग्रतेकडे.

क्षयरोगाच्या गोळ्यांचा हिशेब

याच गणिताचा आपल्या घराशी सर्वांत निकटचा संबंध येतो तो क्षयरोगाच्या बाबतीत. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. रुग्णाच्या फुप्फुसात पोकळी झाली असेल तर तिच्यात १० कोटी किंवा त्याहून अधिक जीवाणू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला निसर्गतःच दाद न देणारा जीवाणू साधारण दहा लाखांत एक असतो. म्हणजे औषधाची पहिली गोळी घेण्यापूर्वीच त्या पोकळीत असे शंभर जीवाणू हजर असतात. केवळ हे एकच औषध दिले तर उरलेले मरतील आणि हे शंभर वाढून पुन्हा कोट्यवधी होतील.

रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला दाद न देणारा जीवाणू साधारण दहा कोटींत एक असतो. दोन्ही औषधांना एकाच वेळी चकवणारा जीवाणू हवा असेल तर दोन्ही शक्यतांचा गुणाकार करावा लागतो. तो येतो शंभर लाख कोटींत एक. एवढे जीवाणू कोणाच्याही फुप्फुसात मावत नाहीत. म्हणूनच डॉक्टर एका वेळी अनेक औषधे देतात आणि नेहमीच्या क्षयरोगात ती किमान सहा महिने घ्यावयास सांगतात. या गोळ्या सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात.

दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, कामावर जाता येते आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. किंवा चारपैकी ज्या गोळीने मळमळते तेवढीच गाळली जाते. त्या क्षणी गुणाकाराची ती भक्कम भिंत कोसळते आणि चिवट जीवाणूंना मोकळे रान मिळते. पुढे तो माणूस जो क्षय आपल्या पत्नीला, मुलांना, शेजाऱ्याला देतो, तो पहिल्यापासूनच औषधांना न जुमानणारा असतो. त्या मुलाने एकही गोळी चुकवलेली नसते. उपलब्ध औषधांपैकी जवळजवळ कशालाच दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस जगापुढे आणले. त्यानंतर बेडाक्विलिनसारखी नवी औषधे आली, ही दिलासा देणारी बाब आहे. परंतु गणिताचा नियम नव्या औषधांनाही तितकाच लागू आहे.

भाकीत आणि इशारा

कोविडच्या काळात गणिती प्रारूपांवर बरीच टीका झाली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने १६ मार्च २०२० रोजी सांगितले की, काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार मृत्यू होतील. पहिल्या लाटेत तेवढे मृत्यू झाले नाहीत, तेव्हा 'अंदाज चुकला' अशी ओरड झाली. पण वाक्यातील 'काहीच उपाय केले नाहीत तर' हे शब्द लोक विसरले. उपाय केले गेले होते.

आपल्याला योना संदेष्ट्याची कथा ठाऊक आहे. निनवे नगराचा चाळीस दिवसांत नाश होईल, अशी घोषणा त्याने केली. लोकांनी ती मनावर घेतली, आपले वागणे बदलले आणि नगर वाचले. योना मात्र आपले भाकीत फोल ठरले म्हणून रुसून बसला. ज्या इशाऱ्यामुळे माणसे सावध झाली, तो खोटा ठरणे हेच त्याचे यश असते, हे त्याला उमगायला वेळ लागला. साथीच्या गणिताकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे.

खरोखर चुकलेले अंदाजही आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने म्हटले होते की, देशातील शिखर ओलांडले गेले आहे आणि सर्व नियम पाळले तर फेब्रुवारी २०२१ अखेर साथ जवळपास आटोक्यात येईल. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये एका दिवसात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. जंतू बदलला, माणसेही बदलली, सभा-समारंभ सुरू झाले, आणि समीकरणातील जुने आकडे कालबाह्य ठरले. प्रारूप म्हणजे नकाशा असतो. नकाशा काढल्यानंतर नदीने पात्र बदलले तर दोष नकाशाच्या विद्येचा नसतो, पण जुनाच नकाशा घेऊन डोळे मिटून चालणाऱ्याचा असतो.

शंभरांतील ते पाच

अखेरीस गोवरविषयी. कोणीच सुरक्षित नसलेल्या लोकसमूहात गोवरचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजारी पाडू शकतो. प्रसारांक १५ धरला तर साथ रोखण्यासाठी पंधरापैकी चौदा जण, म्हणजे ९३ टक्क्यांहून अधिक लोक सुरक्षित असावे लागतात. म्हणूनच ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्यात असा आग्रह धरला जातो. हा आकडा सरकारी हौसेचा नाही, तो भागाकारातून आलेला आहे.

सरासरी मात्र फसवी असते. संपूर्ण शहरात ९५ टक्के लसीकरण झाले आणि एखाद्या दाट वस्तीत ते ६० टक्केच राहिले, तर साथीला तेवढी वस्ती पुरते. कोविडमुळे बालकांच्या नेहमीच्या लसीकरणात खंड पडला. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांतून गोवर उसळला आणि कोवळी बालके दगावली.

आपल्याकडे गोवरची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. त्याआधीच्या बाळाला स्वतःची लस नसते. आईकडून मिळालेले संरक्षण हळूहळू ओसरत असते. बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या वस्त्रांत जे तान्हुले आपण चर्चमध्ये आणतो, ज्याच्याभोवती सारे नातेवाईक, शेजारी आणि त्यांची मुले कौतुकाने जमतात, त्याचे रक्षण त्या जमलेल्यांच्या अंगातील लस करीत असते. कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांचेही तसेच. शंभरांतील काहींना लस घेताच येत नाही. त्यांच्यासाठी उरलेल्यांनी भिंत व्हावयाचे असते.

प्लेगच्या काळात क्रुसाभोवती जमलेल्या आपल्या पूर्वजांजवळ हे ज्ञान नव्हते. आपल्याजवळ ते आहे, आणि त्यांच्याच शहराने सोसलेल्या दुःखाच्या नोंदींतून त्याचा एक मोठा भाग उभा राहिला आहे. त्या ज्ञानाचे ऋण फेडण्यासाठी समीकरणे सोडवावी लागत नाहीत. घरातील बालकांची लसीकरणाची कार्डे आज काढून तपासावीत. कोणाच्या घरी क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सुटल्या असतील, तर त्या माणसाला दोष न देता त्याच्यासोबत आरोग्य केंद्रापर्यंत जावे. ताप-खोकला असताना समारंभाला न जाणे हा यजमानांचा अपमान समजू नये. यांपैकी प्रत्येक कृती अगदी लहान आहे, पण प्रसारांक एकच्या खाली येतो तो अशा लहान कृतींनीच.